प्रार्थना न करण्याचा नियम

चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीला मी दरवर्षी जातो. संगणक कंपन्यांत आणि मोटारींच्या कारखान्यांत नोकरी करणारी ही तरुण माणसे. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक असते आणि मोदक वाढताना कुणाचा हात आखडत नाही. अडचण होते ती मी काय काम करतो हे सांगितल्यावर.

"म्हणजे काका, तुम्ही फादर?" पुण्याच्या एका इंजिनिअरने मला विचारले होते.

"नाही. आमच्यात पाळक म्हणतात. मी पाळक होऊ घातलेल्या मुलांना शिकवतो."

"काय शिकवता?"

"तुमचा धर्म. मुसलमानांचा, जैनांचा, शिखांचाही."

त्याने मोदक पुन्हा ताटात ठेवला. "स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे कन्व्हर्ट करायचं ट्रेनिंग असतं का?"

त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसले. मला राग आला नाही. मी त्याला एवढेच सांगितले की आमच्या महाविद्यालयाच्या बैठकांत माझ्यावर नेमका उलटा आरोप होतो: हा गृहस्थ मुलांना देवळे दाखवत फिरतो, मग ती माणसांना चर्चमध्ये आणणार कधी? या दोन आरोपांच्या मधल्या अरुंद बोळातून माझी नोकरी चालत आली आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींना खांदे घासून थोडे सोलले आहेत. पण बोळ सोडावासा वाटलेला नाही.

माझे घराणे अहमदनगर जिल्ह्यातले. चेन्नईत आलो तो धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात 'इतर धर्म' हा विषय शिकवायला. हा विषय पूर्वी फळ्यावर शिकवला जाई. हिंदू धर्म चार तासांत, इस्लाम तीन तासांत, मग परीक्षा. मीही काही वर्षे तसाच शिकवला. माझ्या विद्यार्थ्याला कर्माचा सिद्धान्त तोंडपाठ असे आणि खोलीशेजारच्या घरात रोज संध्याकाळी दिवा कोण लावते, हे माहीत नसे. हे टोचू लागले तेव्हा मी मुलांना वर्गाबाहेर काढले. सहामाहीभर दर शनिवारी एका वस्तीत जायचे, प्रत्येकाने एका घराशी ओळख धरायची आणि त्या घराच्या कामाला हात लावायचा. धर्म मग आपोआप समोर येतो. कधी देव्हाऱ्यातून, बऱ्याचदा चुलीजवळून.

त्यासाठी मी तीन नियम केले. बसायला सांगतील तिथे बसायचे. विचारायचे, वाद घालायचा नाही. आणि तिसरा, कुणाच्याही घरात प्रार्थना करायची नाही.

तिसरा नियम बाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल, म्हणून थोडे सांगतो. आमच्या पेशात कुणाच्या घरून निघताना पाळक उभा राहतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "प्रार्थना करू या." घरात लग्न ठरलेले असो, नोकरी गेलेली असो किंवा नुसता चहा झालेला असो. बसच्या कंडक्टरचा हात जसा न बघता घंटीच्या दोरीकडे जातो, तसे आमच्या मुलांचे हात चहाचा पेला खाली ठेवताच जुळतात. आपल्या मंडळीत ही माया असते. परक्या घरात मात्र ती सामान विकायला आल्यासारखी दिसू शकते. शिवाय त्या वर्षांत राज्यात धर्मांतराच्या नावाने वातावरण तापलेले होते. मला तो नियम सभ्यतेचा वाटे. त्याचा थोडा अभिमानही होता.

नियमाकडे पहिल्यांदा बोट दाखवले ते माधवरावांनी. हे नुंगंबाक्कमचे एक निवृत्त कारकून, पूर्वज तंजावरकर. नवरात्रात त्यांच्या घरी बाहुल्यांचा कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर देव, राजे, वाणी, पोलीस, सगळे. मी मुलांना घेऊन गेलो होतो. तिसऱ्या पायरीवर नाताळच्या देखाव्यातला एक मेंढपाळ कृष्णाच्या गाईंमध्ये उभा होता. मुले अवघडली. माधवराव म्हणाले, "गाईंस राखणारा पाहिजे की! तुमचा मोकळाच होता." निघताना त्यांनी मला दारात थांबवले आणि त्यांच्या जुन्या, तमिळ हेल लागलेल्या मराठीत म्हणाले, "पोरें फार शहाणीं हो तुमचीं. सगळें पाहतात, कशांत मन घालीत नाहींत. घरीं सॅनिटरी इन्स्पेक्टर आला असें वाटलें, अप्पा!"

मी हसलो. घरी जाईपर्यंत ते हसू टिकले नाही.

आता कोवलमची हकीकत. केरळातले नव्हे; पूर्वकिनाऱ्याच्या रस्त्यावर, चेन्नईबाहेर, हे कोळ्यांचे गाव आहे. तिथे अम्मन या ग्रामदेवीचे देऊळ आहे, दर्गा आहे, चर्च आहे आणि लोक आपापल्या गरजेप्रमाणे तिन्हीकडे जातात. माझ्या विषयाला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार? पण गावकीची परवानगी हवी. गावकीच्या पुढाऱ्याला तिथे नाट्टार म्हणतात. त्या वेळचे नाट्टार अरुमुगम हे रुंद छातीचे, अगदी हळू बोलणारे गृहस्थ होते. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. बोलणे अर्थातच तमिळमध्ये. माझे तमिळ ते मधूनमधून दुरुस्त करत आणि मला 'सर'ऐवजी तिथल्या रीतीने 'सार' म्हणत.

"पुस्तकं वाटणार?"

"नाही."

"डोक्याला तेल लावून प्रार्थना?"

"कुणाच्याही घरात प्रार्थना करणार नाही. शब्द देतो."

"मग येता कशाला, सार?"

"ऐकायला."

मागे जाळे विणत बसलेली माणसे हसली. नाट्टार म्हणाले, "ऐकायला एवढ्या लांब? या, या. आमच्या बायका ऐकवतील."

आणि खरोखरच ऐकवले. त्या तुकडीत तिरुनेलवेलीकडचा सॅमसन नावाचा विद्यार्थी होता, उंच, अबोल आणि विलक्षण आज्ञाधारक. त्याला मुत्तुलक्ष्मीचे घर मिळाले. नवरा समुद्रावर, ही मासळी विकणारी, आणि सेल्वी नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी, जिच्या हृदयाला जन्मापासून भोक होते. चार पावले पळाली की तिचे ओठ निळे पडत. मुत्तुलक्ष्मीने सॅमसनला पहिल्याच दिवशी तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून बर्फ फोडायला लावले. "देवाचं शिकतोस ना, तंबी? मग हात चालव. देव आळशाला फार दिवस ठेवून घेत नाही." सहामाहीच्या शेवटी तो तिच्या घरचा झाला होता. सेल्वी त्याच्याकडून गणिते करून घेई आणि शाळेतल्या बाईंना आपली म्हणून दाखवी.

बऱ्याच खेपा घातल्यावर शहरातल्या सरकारी रुग्णालयाने सेल्वीच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली. सोमवारी दाखल करायचे होते. त्याआधीच्या शनिवारी सॅमसन निघण्याच्या तयारीत असताना मुत्तुलक्ष्मीने मुलीला त्याच्यासमोर आणून उभे केले. मुलीच्या कपाळावर अम्मनचे कुंकू होते, दंडाला दर्ग्याचा दोरा, गळ्यात चर्चमधून आणलेले पदक. आईने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "सगळीकडे जाऊन आले. आता तू कर. तिच्या डोक्यावर हात ठेव."

सॅमसनने एक पाऊल मागे घेतले. "आम्हाला परवानगी नाही, अक्का. सारांनी मनाई केली आहे."

परतीच्या बसमध्ये त्याने मला हे सांगितले. हात जुळायला आले होते, असेही सांगितले, आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बरं केलंस." खिडकीतून वारा येत होता, मला समाधान वाटत होते आणि सॅमसन उरलेली वाट आपल्या हातांकडे बघत बसला होता.

सोमवारी दुपारी नाट्टारांचा फोन आला. मुत्तुलक्ष्मी मुलीला घेऊन गेलीच नव्हती. "ती म्हणते, तुमच्या पोरानं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. त्याला काहीतरी दिसलं. मुलगी टेबलावरून उठणार नाही. नवरा समुद्रावर, ऐकेल कुणाचं? उद्या सकाळपर्यंत नेलं नाही तर दवाखान्यातली खाट दुसऱ्याला देतील, आणि मग पुन्हा कधी बोलावतील देव जाणे. सार, हे तुम्ही केलंत, तुम्ही निस्तरा."

सॅमसनला घेऊन मी मिळेल ती बस पकडली. त्या तासाभरात माझ्या मनात जे चालले होते, ते आजही पूर्ण शांत झालेले नाही. मुलीसाठी प्रार्थना केली तर नाट्टारांना दिलेला शब्द मोडतो, आणि उद्या कुणीही म्हणेल की शेवटी आजारी पोर गाठून यांनी डाव साधलाच. केली नाही तर आई हलणार नाही. हे सगळे खरे होते. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मला जास्त छळत होती. प्रार्थना म्हणजे काय, निरनिराळ्या धर्मांत तिचे प्रकार कोणते, हे मी उत्तम शिकवत असे. मात्र एखाद्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यासाठी काही मागितल्याला मला किती वर्षे झाली, ते आठवत नव्हते. तिसरा नियम मी इतरांच्या आदरापोटी केला होता, यात शंका नाही. पण तो मला सोयीचाही होता. या सोयीमागे मी एका आज्ञाधारक मुलाला उभे केले होते.

मुत्तुलक्ष्मी अंगणात मासळी कापत बसली होती. नाट्टार आधीच येऊन खाटेवर बसले होते. सेल्वी दाराच्या उंबऱ्यावर. बाईने मान वर केली नाही.

"बाई, त्याला काही दिसलं नाही," मी म्हणालो. "आमचा नियमच तसा आहे. कुणाच्या घरी प्रार्थना करायची नाही. मी नाट्टारांना शब्द दिला आहे."

"नियम!" तिने विळीवरचा मासा बाजूला टाकला. "जेवायचा नियम नाही, कॉफी प्यायचा नाही, माझ्या पोरीला हात लावायचा तेवढा नियम! सामी लोकांना, देवाच्या माणसांना, जे दिसतं ते तोंडानं सांगत नाहीत. मागे सरतात. मला काय कळत नाही?"

"अक्का, देवाशपथ," सॅमसन म्हणाला. "मी सेल्वीसाठी प्रार्थना करतो. दर बुधवारी करतो. कॉलेजच्या उपासनेत, तिचं नाव घेऊन."

खाट करकरली. नाट्टार उठून उभे राहिले होते.

"कुठं नाव घेता?"

मला हे माहीत होते. संध्याकाळच्या उपासनेत आमची मुले भेटलेल्या घरांची नावे घेऊन प्रार्थना करतात. आमच्याकडे हे इतके नेहमीचे आहे की दिलेला शब्द आणि ही रीत यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला एकदाही वाटले नव्हते. घरात करायची नाही, एवढेच तर मी कबूल केले होते.

"म्हणजे इथं तोंडाला कुलूप," नाट्टार हळू आवाजात म्हणाले, "आणि तिकडं आमच्या पाठीमागं आमच्या पोरींची नावं. काय मागता तिथं?"

"ती बरी व्हावी. होड्या सुखरूप परत याव्यात."

"एवढंच?"

सॅमसनने माझ्याकडे पाहिले. एवढंच म्हण, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. तो खोटे बोलू शकत नव्हता. त्याला तसे शिकवलेलेच नव्हते. "पहिल्या महिन्यात आणखी मागायचो," तो म्हणाला. "तुम्ही सगळे चर्चमध्ये यावं, असं."

"आणि आता?"

"आता सेल्वीचंच मागतो. दुसरं सुचत नाही."

अंगणात कावळे मासळीच्या तुकड्यांसाठी भांडत होते. माझी कोवलमची वर्षे इथे संपली, हे मी मनोमन स्वीकारले. सेल्वीची रुग्णालयातली खाट जाणार, हे मात्र स्वीकारता येत नव्हते. मी पुढे होऊन म्हणालो, "नाट्टार, चूक माझी आहे. शब्द मी दिला होता, तो मला परत द्या. या मुलीसाठी मी इथेच प्रार्थना करतो."

"तुम्ही नको," मुत्तुलक्ष्मी म्हणाली. ती हात धुऊन आली होती आणि मी दिसतच नसल्यासारखी सॅमसनकडे बघत होती. "मागे सरला तो हा. पुढे यायचं तर यानंच."

नाट्टार पुन्हा बसले. "करू दे. पण मी इथं बसून ऐकणार. आमच्याबद्दल काय मागायचं ते आमच्या तोंडावर मागा, आमच्या भाषेत, मोठ्यानं. लपून मागितलं की भीती वाटते, सार. ऐकू आलं की निदान हो-नाही म्हणता येतं."

सॅमसन उंबऱ्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने सेल्वीच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या मुलांना लांब प्रार्थनांची सवय असते. ही फार लहान होती. हिचे हृदय तू घडवले आहेस, डॉक्टरांचे हात धर, आईला धीर दे, बाप समुद्रावर आहे त्यालाही हे कळू दे. मग तो थांबला. आमची प्रत्येक प्रार्थना 'येशूच्या नावाने मागतो' या शब्दांनी संपते. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसत होते, आणि त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मी खूण केली नाही. करता आली नाही, हे जास्त खरे. पंचवीस वर्षे धर्म शिकवलेल्या माणसाला त्या क्षणी हो म्हणावे की नाही, ते कळेना.

"थांबलास का?" नाट्टार म्हणाले. "पुरी कर. अर्धी प्रार्थना घेऊन पोरीला पाठवायचं का?"

सॅमसनने ती पुरी केली. सर्वांत मोठ्याने आमेन म्हणाली ती सेल्वी, आणि लगेच विचारले, "आता दवाखान्यात रिक्षानं जायचं की बसनं?"

त्याच संध्याकाळी ती दाखल झाली. सेल्वी आज बरी आहे, शाळेत जाते, हे मी इथेच सांगून टाकतो. तिच्या प्रकृतीवर या हकीकतीचे तात्पर्य टांगावे असे मला वाटत नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली, आणि तारीख चुकली असती तर ती आमच्या प्रार्थनेमुळे नव्हे, प्रार्थना टाळल्यामुळे चुकली असती, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

कोवलमचे दार बंद झाले नाही. नाट्टारांनी एक अट तेवढी घातली: बुधवारच्या उपासनेत गावातल्या कुणाचे नाव घ्यायचे असेल तर आधी त्याला विचारायचे. माझ्या सहकाऱ्यांना ही अट अपमानकारक वाटली. देवाशी बोलायला गावकीची परवानगी घ्यायची काय, असे एकाने बैठकीत विचारले. मला ती रास्त वाटली, आणि त्याचा प्रश्नही. मुले आता विचारून येतात. काही घरे नको म्हणतात. काही घरे पाच-सहा नावे जास्तीची देतात, त्यांत एखाद्या म्हशीचेही असते. तिसरा नियम मी काढलेला नाही. एखाद्या मुलाने विचारलेच की समोरच्याने स्वतः मागितली तर काय करायचे, तर मी त्याला ही हकीकत सांगतो. त्याला उत्तर हवे असते. मलाही हवे आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी रुग्णालयात गेलो होतो. सॅमसनची परीक्षा होती, म्हणून एकटाच. मुलीला आत नेले होते. मुत्तुलक्ष्मी वऱ्हांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि बाजूला सरकून तिने मला जागा केली. बराच वेळ आम्ही ये-जा करणाऱ्या परिचारिकांच्या चपला पाहत होतो.

"त्या दिवशी तुम्हाला नको म्हणाले," ती म्हणाली. "मनात ठेवू नका."

"नाही ठेवलं."

"मग आता करा. बसून तर आहोतच."

मी तिला सांगू शकलो असतो की मी शिक्षक आहे, हे पाळकाचे काम आहे. मी डोळे मिटले. तमिळ शब्द जुळेनात. इंग्रजीत वर्गात म्हणतो तशी एक प्रार्थना आली, ती माझी मलाच परकी वाटली. शेवटी तोंडातून निघाले ते मराठी, दोनच वाक्ये.

डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे संशयाने पाहत होती. "काय म्हणालात?"

"देवा, हिची मुलगी हिला परत दे, म्हणालो. आणि तू ऐकतोस हे मला पुन्हा खरं वाटू दे, असं म्हणालो."

तिने जरा विचार केला. "दुसरं तुमचं तुम्ही मागा," ती म्हणाली. "पहिलं पुन्हा म्हणा. तमिळमध्ये, सावकाश. मलाही म्हणायचंय."

मी एकेक शब्द म्हणू लागलो आणि ती माझ्यामागून म्हणू लागली.